समोरची भिंत

"यंदा हंगाम साधला," असं मुकादम म्हणाला आणि त्याच आठवड्यात पाऊस आला. त्याची वेळ नव्हती, त्याला कुणी बोलावलं नव्हतं. भट्टीच्या मैदानात कच्च्या विटांच्या ओळी वाळत ठेवलेल्या होत्या, त्या सकाळपर्यंत बसल्या. कडा गेल्या, कोपरे गेले, आणि वीट होती तिथं चिखलाचा गोळा राहिला. कामगार कडेला उभे राहून बघत होते. मालक छत्री धरून आला, ओळींमधून एक फेरी मारली आणि म्हणाला, "आता मोजायचं काय? पैसे विटेचे असतात, चिखलाचे नसतात."

त्या चिखलात ओळंब्याची मजुरी होती. ओळंबा म्हणजे थोरलीचा बाप. भिंत सरळ आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून खाली सोडतात, त्याला ओळंबा म्हणतात. हा माणूस तरुणपणी गवंड्याच्या हाताखाली होता. उंच, ताठ, बोलणंही तसंच सरळ, म्हणून भट्टीवर नाव पडलं ते कायमचं. खरं नाव मजुरीच्या दिवशी मुकादमालाही आठवावं लागायचं. पण त्या सकाळपासून ओळंब्याच्या पाठीला बाक आला. तो कामाला बसायचा, साच्यात चिखलाचा गारा भरायचा, वरून हात फिरवायचा, पण साचा उचलताना हाताला पूर्वीचा झटका नव्हता. जेवायला बसला की ताटाकडे बघत राहायचा. त्याच्या बायकोला, थोरलीच्या आईला, त्याचं ते गप्प बसणं पावसाच्या नुकसानीपेक्षा जड जात होतं.

घराची समोरची भिंतही त्याच पावसानं नेली. भिंत मातीची, तिचं वय झालंच होतं. ज्यांनी आयुष्यभर विटा थापल्या त्यांच्या घराला एक वीट नव्हती, याचं त्या दोघांना कधी नवल वाटलं नव्हतं. भट्टीवर कुणाच्याच घराला नव्हती. त्यांनी भिंतीच्या जागी ताडपत्री बांधली. वारा सुटला की ती फडफडायची आणि धाकटी झोपेत दचकून आईला चिकटायची.

आणि दैव बघा, नेमकं अशाच वेळी थोरलीला शहरातल्या कॉलेजात जागा मिळाली. औषधं कशी तयार करतात ते शिकवणारं कॉलेज. सगळ्या वस्तीत बारावीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. जागा मिळाली खरी, पण ती राखायला फी भरावी लागत होती, आणि आडातच नव्हतं, तर पोहऱ्यात कुठून येणार?

थोरली हात बांधून बसणारी नव्हती. ती रोज शाळेत जाऊन मास्तरांच्या कॉम्प्युटरवर शिष्यवृत्त्या शोधत बसायची आणि संध्याकाळी येऊन हकिगत सांगायची. एका शिष्यवृत्तीची मुदत आदल्याच आठवड्यात संपलेली. एक खेळात पदक मिळवणाऱ्यांना. एकीला वडील फौजेत लागत होते. एक चांगली होती, सगळी फी देणारी, पण ती वडील नसलेल्या मुलींसाठी.

"मग थोडं थांबायचं का?" ओळंबा म्हणाला. "माझीही तब्येत हल्ली बरी नसते."

"काहीतरीच काय बोलता!" थोरलीची आई ओरडली. पण पावसानंतर तो पहिल्यांदाच काही चेष्टेचं बोलला होता. म्हणून तिला रागाबरोबर बरंही वाटलं.

शेवटी मास्तरांनीच एक संस्था शोधून दिली. मजुरांच्या मुलामुलींना चार वर्षांची फी द्यायची. अर्ज भरला, मास्तरांनी शिफारस लिहिली, संस्थेकडून निरोपही आला की अर्ज पहिल्या फेरीत पास झाला, आता आमची माणसं घरी पाहणीला येतील. थोरली आनंदानं अंगणात धाकटीला धरून गरगर फिरली. मग उत्पन्नाचा आणि कसले कसले दाखले काढायला ती शहरात मावशीकडे गेली. कचेरीत कधी साहेब असायचा तर शिक्का नसायचा, शिक्का असायचा तर साहेब नसायचा, त्यामुळं काही दिवस तिथंच राहणं भाग होतं.

ती निघाली तेव्हा ओळंबा भट्टीवर होता. थोरलीनं आईला ताडपत्रीजवळ घेतलं.

"आई, एक ध्यानात ठेव. मास्तरांनी मुद्दाम सांगितलंय. घराला काही करू नका. सारवू नका, सजवू नका. आहे तसं दिसू दे. ते लोक घर किती पडकं आहे तेच बघायला येतात."

"पडकं बघायला एवढ्या लांबून?"

"हो. आणि बाबांनाही सांग."

"सांगते," आई म्हणाली.

ती सांगणारच होती. पण त्याच दुपारी भट्टीवर मुकादमानं विषय काढला. आजूबाजूला दहा माणसं जेवायला बसलेली.

"काय ओळंबा, तुझ्याकडे म्हणे गाडीतून मॅडम येणार?"

"येणार आहेत."

"बसवणार कुठं? ताडपत्रीच्या आत का बाहेर?" माणसं हसली. मुकादमाला आणखी जोर चढला. "बाबा रे, एक सांगतो, राग मानू नको. दारात भिकारी आला तर आपण त्याला चिल्लर देतो. हजाराची नोट देतो का? मोठी रक्कम माणूस देतो ती उभं राहील त्याला. कोसळलेल्याला नाही."

ओळंब्यानं डबा बंद केला. भाकरी तशीच राहिली. तो उठला तो सरळ मालकाच्या खोलीकडे गेला. भट्टीच्या मागं जास्त भाजलेल्या, वाकड्या, चिरलेल्या विटांचा ढीग वर्षानुवर्षं पडून होता, तो त्यानं मागितला. मालक म्हणाला, "ने की. तेवढीच जागा मोकळी होईल."

संध्याकाळी थोरलीची आई घरी आली तर अंगणात पहिली खेप पडलेली होती आणि ओळंबा पायासाठी चर खणत होता. शर्ट काढून ठेवलेला, पाठीवर घाम. तिला बघून तो म्हणाला, "माती भिजव. जरा घट्ट ठेव."

"हे काय चाललंय?"

"भिंत."

"अहो, थोरली म्हणत होती की..."

"थोरलीला काय कळतंय? तिच्या अंगावर वेळ येईल तेव्हा कळेल. चार माणसं येणार, तिच्याच तोंडाकडे बघणार. पोरीची मान खाली जाता कामा नये. झाकली मूठ सव्वा लाखाची."

असं म्हणून तो उभा राहिला आणि कंबरेवर हात ठेवून चराकडे बघू लागला. थोरलीच्या आईला दिसलं की त्याच्या पाठीचा बाक गेला आहे. पावसानंतर पहिल्यांदा हा माणूस सरळ उभा होता. तिच्या ओठांवर आलेलं ती गिळून बसली. उद्या सांगू, तिनं मनाशी म्हटलं, आणि माती भिजवायला घेतली.

उद्या आला, तेव्हा दोन थर झाले होते. ओळंबा भट्टीवरून आला की हातपाय न धुता कामाला लागायचा. वाकड्या विटांची भिंत बांधणं म्हणजे खेळ नव्हे. एकेक वीट हातात घेऊन तो तिला फिरवायचा, कुठली बाजू बाहेर, कुठली आत ते बघायचा, कोपरा उडवायचा, खाली माती थापून ती बसवायचा आणि वरून थापीच्या दांड्यानं ठोकायचा. थोरलीची आई वीट द्यायची, तो घ्यायचा. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती दोघं अशीच गवंड्याकडे कामाला होती. तेव्हा तो वीट घेताना मुद्दाम बोटाला बोट लावायचा. आता तसं काही नव्हतं, पण मधेच तो म्हणाला, "तुझा हात अजून चुकत नाही हं," आणि तिला उगाचच लाजल्यासारखं झालं.

सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणणंही खोटं आहे. तिनं सांगितलं नाही. रोज सकाळी ती ठरवायची आणि रोज त्याची ताठ पाठ बघून गप्प बसायची. आणि दुसरं एक कारण होतं, ते ती स्वतःशीही नीट बोलत नव्हती. भिंत छातीपर्यंत आली त्या दिवशी धाकटी रात्रभर दचकली नाही. चूल पेटवली तर जाळ एका जागी राहिला. तिला ती भिंत हवी होती. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या घरांसाठी विटा वाहिल्या, आपल्याला एक भिंत असावी यात काय पाप आहे, असं तिला वाटलं. संस्थेच्या लोकांनाही घरदार असेल, भिंत बघून कुणी पोरीचं शिक्षण थोडंच अडवेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

भिंत पुरी झाली. ओळंब्यानं दोरी सोडून बघितली. दोरी भिंतीला वरपासून खालपर्यंत सारखी लागून होती. वाकड्या विटांची एवढी सरळ भिंत! शेजारची शिंपीण बघायला आली, तिनं भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "आमच्या घराचं काम निघालं की तुम्हालाच बोलावणार." ओळंबा नुसता हसला. त्या दिवशी तो पोटभर जेवला.

थोरली आली ती पाहणीच्याच दिवशी सकाळी, दाखल्यांची पिशवी छातीशी धरून. वळणावरून तिला घर दिसलं आणि ती तिथंच थांबली. ओळंबा दारात उभा होता. पांढरा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले.

"कशी आहे?" त्यानं विचारलं.

थोरलीनं भिंतीकडे बघितलं, मग बापाकडे, मग आईकडे. आईनं नजर खाली घातली, तेव्हा थोरलीला सगळं कळलं.

"छान आहे, बाबा," ती म्हणाली.

आत गेल्यावर मात्र ती आईजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "तू सांगितलं नाहीस."

"नाही."

"का?"

आईनं चुलीतली राख ओढायला घेतली. थोरलीनं ओरडायला हवं होतं, आदळआपट करायला हवी होती, म्हणजे आईला सोपं गेलं असतं. ती नुसती दाखल्यांची पिशवी खुंटीला अडकवून भिंतीला पाठ लावून बसली.

पाहणीच्या बाई उन्हातून आल्या. मध्यम वयाच्या, घामानं डबडबलेल्या, रस्त्याच्या धुळीनं खोकत होत्या. वाटेत आणखी घरं बघून आल्या होत्या. शिंपिणीकडून आणलेल्या खुर्चीवर ओळंब्यानं त्यांना अंगणात बसवलं, स्वतः समोर मांडी घातली. बाई पाणी प्यायल्या, त्यांनी मोबाईल काढला आणि एकेक प्रश्न विचारत त्यात नोंदवू लागल्या.

"महिन्याला किती मिळतात, दादा?"

"भागतं, मॅडम."

"आकडा सांगा ना."

"हंगामावर असतं. पण भागतं."

"यंदा पावसानं नुकसान झालं म्हणे भट्टीचं?"

"ते धंद्यात चालायचंच."

"दोन्ही वेळचं जेवण होतं?"

ओळंब्याच्या कपाळावर आठी आली. असला प्रश्न त्याला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. "म्हणजे काय, मॅडम! तुम्हीही आता जेवूनच जा."

बाईंना हसू आलं. "आणखी काही अडचण?"

"काही कमी नाही," ओळंबा म्हणाला. "फक्त पोरीला शिकू द्या."

दाराआड उभी असलेली थोरलीची आई हे ऐकत होती. थोरली बापाशेजारी बसून जमिनीकडे बघत होती. बाईंनी मान वर करून भिंत बघितली. "पक्की वीट. नवीन दिसते. कोणी बांधली?"

"मी," ओळंबा म्हणाला. "स्वतःच्या हातानं."

"सुंदर बांधलीत," बाई म्हणाल्या, आणि मनापासून म्हणाल्या. मग त्यांनी मोबाईलवर शेवटची नोंद केली आणि उठल्या. थोरलीच्या डोक्यावर हात ठेवला. "हे बघ बाळा, तुझे मार्क चांगले आहेत. पण आमच्याकडे पैसा थोडा आणि अर्ज ढीगभर. ज्यांच्या डोक्यावर छप्परही धड नाही त्यांना आधी द्यावं लागतं. तू निराश होऊ नकोस. दुसरीकडे प्रयत्न कर."

ओळंबा उठता उठता अर्ध्यात राहिला. एक हात जमिनीवर, एक गुडघ्यावर. "म्हणजे?" तो म्हणाला. "मॅडम, म्हणजे काय?"

तेव्हा थोरलीची आई दारातून बाहेर आली.

"बाई, थांबा," ती म्हणाली. परक्या माणसाशी ती एवढ्या मोठ्यानं कधी बोलली नव्हती. "हे सांगतात ते खरं नाही. काही भागत नाही. पाऊस आला तेव्हापासून मजुरी हातात पडलेली नाही, एक वेळ चूल पेटते. ही भिंत फेकून दिलेल्या विटांची आहे. मालकाला नको होत्या म्हणून दिल्या. तुम्ही येणार म्हणून बांधली. आत या. या ना, आत येऊन बघा."

तिनं बाईंचा हात धरला आणि त्यांना आत नेलं. मागची भिंत दाखवली, तिच्यातून उजेड येत होता. छपराला लावलेली फाटकी पोती दाखवली. पिठाचा डबा उघडून दाखवला. धाकटीची गोधडी उचलून दाखवली, तिच्याखालची ओली जमीन दाखवली. घरातलं जे जे ती आल्यागेल्यापासून झाकत आली होती ते ते तिनं एकेक करून उघडं केलं. आणि हे सगळं अंगणात उभा असलेला नवरा ऐकत होता, हे तिला सारखं कळत होतं.

बाहेर आल्यावर बाई बराच वेळ खोकल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"मी मानते हो," त्या म्हणाल्या. "मी आतलं सगळं लिहीनही. पण निवड करणारी कमिटी वेगळी. माझं लिहिलेलं कोण वाचतंय? ते फोटो बघतात. घराचा एकच फोटो, समोरून, घरातल्या माणसांसह. तसा नियम आहे. ह्या भिंतीचा फोटो गेला की अर्ज बाजूला पडणार."

धाकटी आईच्या पदराआडून एकेकाकडे बघत होती.

ओळंबा भिंतीच्या कडेला गेला. तिथं पहार टेकवून ठेवलेली होती, ती त्यानं उचलली.

"बाबा, नको!" थोरली ओरडली. "मला नाही जायचं. मी भट्टीवर येईन, बाबा, मला शिकायचं नाही!"

"गप बस," तो म्हणाला. मग बाईंकडे वळला. "मॅडम, तुम्ही जरा लांब उभ्या राहा. धूळ उडेल."

"अहो दादा, असं करू नका. मी काहीतरी बघते, मी त्यांच्याशी बोलून..."

पण त्यानं पहारीचं टोक वरच्या थरात घातलं होतं. माती आतून अजून ओली होती. वीट फार न कुरकुरता सुटली. तो पहार चालवत होता ती मोडायची म्हणून नव्हे. जोड बघून, नेमकी जागा धरून, एकेक वीट मोकळी करत होता. पहिली वीट त्यानं काढली आणि ती कुठं ठेवावी हे न कळून हातात धरून उभा राहिला. थोरलीची आई पुढं गेली. तिनं ती त्याच्या हातातून घेतली आणि खाली ठेवली. मग दुसरी घेतली. तो तिच्याकडे बघत नव्हता. तिलाही त्याच्याकडे बघवत नव्हतं, पण तिचा हात पुढं येत होता आणि तो वीट देत होता. थोड्या वेळानं थोरलीही येऊन उभी राहिली आणि आईकडून वीट घेऊ लागली. ती रडत होती, नाक ओढत होती, पण तिच्या हातून एकही वीट पडली नाही. बाई झाडाखाली मोबाईल हातात धरून उभ्या होत्या आणि रस्त्याकडे बघत होत्या.

घर परत उघडं पडलं. आतली चूल, गोधड्या, पोती, सगळं उन्हात आलं. ताडपत्री घडी करून ठेवली होती, ती ओळंब्यानं आणून जुन्या खिळ्यांना अडकवली. एक बाजू सुटून लोंबत राहिली, ती त्यानं तशीच सोडली.

बाईंनी मोबाईल वर धरून बघितला. "आता होईल काम," त्या पुटपुटल्या. मग म्हणाल्या, "घरातले सगळे लागतील समोर."

थोरलीची आई धाकटीला घेऊन उभी राहिली. थोरली तिच्या शेजारी आली. ओळंबा कडेला पहारीपाशीच थांबला होता, त्याला बाईंनी दोनदा बोलावलं तेव्हा तो आला.

"वर बघ गं बाळा, चेहरा दिसला पाहिजे," बाई थोरलीला म्हणाल्या. तिनं मान वर केली.

ओळंब्याचा पांढरा शर्ट विटांच्या लाल धुळीनं माखला होता. फोटो म्हटल्यावर माणूस जे करतो तेच त्यानं केलं. हात उचलून खांद्यावरची धूळ झटकली, मग छातीवरची झटकू लागला. थोरलीच्या आईनं त्याचं मनगट धरलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "तशीच राहू द्या."

त्यानं हात खाली घेतला. बाईंनी फोटो काढला.